‘इनइक्विटी’ हा शब्द कुठे आणि कसा वापरावा : मराठवाड्यातील नवशिक्या वाचक-लेखकांसाठी

नाशिक आणि नगरकडच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचा विषय निघाला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ‘समन्यायी पाणीवाटप’ हा शब्दप्रयोग हमखास दिसतो. पैठणच्या नाथसागराशी ज्याचा काही संबंध आलेला नाही अशा परभणी किंवा हिंगोलीच्या विद्यार्थ्यालाही त्याचा अर्थ साधारणपणे ठाऊक असतो. त्याच प्रकरणाची इंग्रजी कागदपत्रे वाचायला घेतली की ‘समन्यायी’च्या जागी ‘इक्विटेबल’ हे विशेषण येते आणि वाटप तसे झालेले नाही असे म्हणायचे असेल तिथे ‘इनइक्विटेबल’ हे विशेषण किंवा ‘इनइक्विटी’ हे नाम येते. कल्पना ओळखीची असूनही हा इंग्रजी शब्द लिहिताना आपल्याकडची मुले अडखळतात आणि बहुतेक वेळा त्याऐवजी ‘इनइक्वॅलिटी’ लिहून मोकळी होतात. स्पर्धा परीक्षेचा निबंध लिहिणारे, स्वयंसेवी संस्थेत इंग्रजी अहवाल तयार करणारे आणि तालुक्याच्या बातम्या इंग्रजी दैनिकाला पाठवणारे नवखे वार्ताहर यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे.

पहिली पायरी : शब्द नीट ऐकणे आणि नीट लिहिणे

या शब्दाची अक्षरे आय, एन, ई, क्यू, यू, आय, टी, वाय अशी आठ आहेत. उच्चार करताना ‘इन्-एक्-वि-टी’ यातील ‘एक्’वर जोर द्यावा. तिसरे अक्षर ‘ई’ऐवजी ‘आय’ लिहिले गेले तर ‘इनिक्विटी’ हा निराळाच शब्द तयार होतो. त्याचा अर्थ घोर दुराचार किंवा पाप असा असून बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरांत तो वारंवार येतो. दोन्ही शब्दांचे मूळ एकच, म्हणजे सपाट, सम, न्याय्य अशा अर्थांचा ‘ईक्वस’ हा लॅटिन शब्द. पण इंग्रजीत येईपर्यंत त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. संगणकावरील शुद्धलेखन तपासणी येथे मदत करत नाही, कारण तिच्या दृष्टीने दोन्ही शब्द बरोबरच असतात. जिल्ह्यातील आरोग्यसेवेच्या अहवालात ‘हेल्थ इनिक्विटी’ असे छापून गेले, तर इंग्रजी जाणणारा वाचक ते वाचून चमकल्याशिवाय राहणार नाही.

तिसरा सारखा दिसणारा शब्द ‘इनइक्वॅलिटी’, म्हणजे असमानता. त्याचे विशेषण मात्र ‘इन’ने सुरू होत नाही, ते ‘अनइक्वल’ असे होते. ‘इनइक्वल’ हे रूप आपल्याकडच्या उत्तरपत्रिकांत बरेच दिसते, पण प्रमाण इंग्रजीत ते चालत नाही. ‘इनइक्विटी’चे विशेषण ‘इनइक्विटेबल’ आणि क्रियाविशेषण ‘इनइक्विटेबली’. शेअर बाजारातील ‘इक्विटी’ म्हणजे भागभांडवल. त्या अर्थाचा विरुद्धार्थी शब्द म्हणून ‘इनइक्विटी’ कधीही वापरत नाहीत, त्यामुळे तिकडे लक्ष देण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी : फरक आणि अन्याय्य फरक वेगळे ओळखणे

सगळी मेख येथे आहे. कोकणात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि मराठवाड्यात सुमारे ७०० ते ८०० मिलिमीटर. हा फरक मोठा असला तरी तो सह्याद्रीमुळे पडलेला आहे. तो कोणी ठरवलेला नाही आणि कोणाच्या सहीने बदलणारही नाही. म्हणून ‘इनइक्विटी इन रेनफॉल’ हा प्रयोग चुकीचा ठरतो. येथे ‘डिफरन्स’ किंवा ‘व्हेरिएशन’ म्हणावे, फार तर ‘इनइक्वॅलिटी’ म्हणावे. पडलेले पाणी एकदा नदीत आले, धरणात अडले आणि ते कोणत्या कालव्यात किती सोडायचे हे माणसे ठरवू लागली, की तेथून पुढे ‘इनइक्विटी’ या शब्दाचा प्रांत सुरू होतो. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ या कायद्यात खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाची तरतूद आहे. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये सुचवलेल्या सूत्रात, १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा विचार करावा, अशी रचना होती, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. वरच्या भागातील शेतकऱ्यांचे म्हणणे अर्थातच वेगळे आहे आणि तेही आपल्या बाजूने हाच शब्द वापरतात. शब्द कळण्याच्या दृष्टीने हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण ‘इनइक्विटी’ म्हणणारा माणूस आकडा सांगण्याबरोबरच एक निवाडाही देत असतो, आणि निवाडा म्हटला की त्याला प्रतिवाद आलाच.

हा निवाडा करण्यासाठी आरोग्य क्षेत्रातील एक व्याख्या फार उपयोगी पडते. ब्रिटिश संशोधक मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयासाठी लिहिताना असे म्हटले की, आरोग्यातील जे फरक अनावश्यक आहेत, टाळता येण्याजोगे आहेत आणि शिवाय अन्याय्य आहेत, त्यांनाच ‘इनइक्विटी’ म्हणावे. म्हाताऱ्या माणसाला तरुणापेक्षा जास्त आजार होतात, हा फरक आहे; पण दोन गर्भवती स्त्रियांपैकी एकीच्या गावापासून प्रसूतीची सोय असलेले रुग्णालय जवळ असून दुसरीच्या तांड्यापर्यंत पावसाळ्यात जीपसुद्धा पोहोचत नसेल आणि त्यामुळे दुसरीचे बाळंतपण धोक्यात येत असेल, तर तो फरक टाळता येण्याजोगा आहे आणि त्याचे उत्तरदायित्व कोणावर तरी आहे. लिहिताना हात थांबला, तर ‘हा फरक टाळता आला असता का?’ आणि ‘तो टाळणे कोणाचे काम होते?’ हे दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर सापडत नसेल, तर आपल्याला बहुधा ‘इनइक्वॅलिटी’ हाच शब्द हवा असतो.

तिसरी पायरी : मोजपट्टी सांगणे

‘इनइक्विटी’ म्हणताना न्याय्य वाटा कोणता, हे वाचकाला कळले पाहिजे. केवळ ‘आमच्यावर अन्याय’ म्हणून भागत नाही. समजा, एका गावाला उन्हाळ्यात टँकरच्या दिवसाला चार खेपा मंजूर झाल्या. गावठाणात १,२०० लोक राहतात आणि दोन किलोमीटरवरील तांड्यावर ४००. दोन खेपा गावठाणातील विहिरीत आणि दोन तांड्यावरच्या टाकीत ओतल्या तर खेपा समान झाल्या, पण माणशी पाणी विषम झाले. तीन आणि एक अशी वाटणी केली तर माणशी पाणी समान झाले. आता यात आणखी एक गोष्ट मिळवावी : गावठाणातील दोन हातपंपांना अजून पाणी आहे आणि तांड्यावर टँकरशिवाय दुसरा आधारच नाही. अशा स्थितीत माणशी काटेकोर समान वाटप ‘इक्वल’ असूनही ‘इनइक्विटेबल’ ठरू शकते, कारण आता मोजपट्टी लोकसंख्येची राहिली नसून गरजेची झाली आहे. परीक्षेत समानता आणि समन्याय यांतील भेद विचारला, तर परदेशी पुस्तकातील उदाहरण घोकण्यापेक्षा टँकरच्या खेपांचे हे गणित मांडावे. परीक्षकालाही ते अधिक पटेल.

प्रादेशिक असमतोलाच्या चर्चेत ही मोजपट्टी फार स्पष्ट दिसते. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला, तेव्हा राज्याची सरासरी ही मोजपट्टी धरून, जो जिल्हा त्या सरासरीच्या खाली असेल त्याची तूट म्हणजे त्याचा अनुशेष, असा हिशेब केला. समितीने काढलेल्या सुमारे ३,१८७ कोटी रुपयांच्या एकूण अनुशेषापैकी सुमारे ७५१ कोटी रुपये मराठवाड्याचे होते. इंग्रजीत लिहिताना या तुटीच्या आकड्याला ‘बॅकलॉग’ म्हणतात, जिल्ह्याजिल्ह्यांतील फरकाला ‘डिस्पॅरिटी’ किंवा ‘इनइक्वॅलिटी’ म्हणतात, आणि निधीचे वाटप न्याय्य झाले असते तर ही तूट राहिली नसती असे म्हणायचे असेल तेव्हाच ‘इनइक्विटी’. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) च्या इंग्रजी पाठात विकासखर्चाच्या निधीच्या ‘इक्विटेबल ॲलोकेशन’ची भाषा आहे. तेथे ‘इक्वल’ म्हटलेले नाही, आणि ते जाणूनबुजून आहे असे मला वाटते, कारण सर्व विभागांना सारखाच पैसा दिला तर मागे राहिलेला विभाग मागेच राहतो. याच अनुच्छेदाखाली १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्यावर इंग्रजीत लिहू इच्छिणाऱ्याला हा शब्द पदोपदी लागणार आहे.

काही ठिकाणी तुलनेसाठी दोन आकडेच उपलब्ध नसतात. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाची उचल कोयत्यावर ठरते आणि ती बहुधा पुरुषाच्या हातात पडते. बाईने वाढे तोडले, मोळ्या बांधल्या, डोक्यावर घेऊन गाडीत चढवल्या, तरी तिच्या कष्टाचा वेगळा हिशेब राहत नाही. येथे ‘वेज इनइक्वॅलिटी’ लिहायला गेलो तर आकड्यांची मागणी होईल आणि ते देता येणार नाहीत. तिची मजुरी स्वतंत्रपणे नोंदलीच जात नाही, ही स्वतःच ‘इनइक्विटी’ आहे, असे मात्र नि:शंकपणे लिहिता येते.

मानसशास्त्रात हा शब्द याच वळणाने गेला. जे. स्टेसी ॲडम्स यांनी १९६० च्या दशकात मांडले की, नोकरी करणारा माणूस आपल्या कष्टाचे आणि मोबदल्याचे प्रमाण दुसऱ्याच्या त्याच प्रमाणाशी ताडून पाहतो आणि तफावत दिसली की अस्वस्थ होतो. पुढे २००३ मध्ये सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांनी कॅपुचिन माकडांवर केलेला प्रयोग ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. खडा परत देण्याच्या बदल्यात काकडीची फोड घेणारे माकड, शेजारच्या माकडाला त्याच कामासाठी द्राक्ष मिळताना पाहिले की, काकडी घ्यायला नकार देऊ लागले. त्या निष्कर्षाचा वेगळा अर्थ लावणारे संशोधकही पुढे आले, पण ‘इनइक्विटी ॲव्हर्जन’, म्हणजे अन्याय्य वाटपाचा तिटकारा, हा जोडशब्द अर्थशास्त्राच्या आणि मानसशास्त्राच्या पुस्तकांत कायमचा बसला.

चौथी पायरी : वाक्यात बसवणे

आपल्या चुका बहुतेक मराठी वाक्यरचनेतून येतात. मराठीत ‘माझ्यावर अन्याय झाला’ असे म्हणतात, म्हणून नवखा लेखक ‘इनइक्विटी हॅपन्ड विथ मी’ किंवा ‘दे डिड इनइक्विटी ऑन मी’ असे लिहितो. इंग्रजीत ‘इनइक्विटी’ ही एका व्यक्तीवर करण्याची गोष्ट मानली जात नाही. ती वाटपात, धोरणात किंवा व्यवस्थेत असते. व्यक्तीबद्दल बोलायचे असेल तर ‘आय वॉज ट्रीटेड अनफेअरली’ किंवा ‘दे डिड मी ॲन इनजस्टिस’ असे लिहावे. तसेच ‘द तलाठी इज इनइक्विटेबल’ असे कोणी म्हणत नाही. माणूस ‘अनफेअर’ असतो, त्याने केलेली वाटणी ‘इनइक्विटेबल’ असते.

हा शब्द मोजता येणारा आणि न येणारा अशा दोन्ही प्रकारे चालतो. एकूण स्थितीबद्दल बोलताना ‘सोशल इनइक्विटी’ असे एकवचनी आणि आर्टिकलशिवाय लिहावे. ठराविक बाबी सांगताना ‘इनइक्विटीज’ असे अनेकवचन घ्यावे. एकच विशिष्ट बाब असेल तर आधी ‘ॲन’ लावावा. कशातील विषमता हे सांगताना पुढे ‘इन’ येतो, उदाहरणार्थ ‘इनइक्विटीज इन ॲक्सेस टू इरिगेशन’. दोन पक्ष सांगताना ‘बिट्वीन’ येतो. आणि ज्या व्यवस्थेचा हा दोष आहे तिचे नाव घेताना ‘ऑफ’ येतो, उदाहरणार्थ ‘द इनइक्विटीज ऑफ द कास्ट सिस्टिम’. क्रियापदांपैकी ‘ॲड्रेस’, ‘रिड्यूस’ आणि ‘रिड्रेस’ ही दूर करण्यासाठी, तर ‘परपेच्युएट’ हे चालू ठेवण्यासाठी वापरतात. ‘रिमूव्ह इनइक्विटी’ चुकीचे नाही, पण ते शाळेतल्या वहीतले वाटते.

हा शब्द औपचारिक लेखनाचा आहे, हेही विसरू नये. क्रिकेटच्या मैदानावर किंवा वसतिगृहाच्या खाणावळीत ‘दॅट इज इनइक्विटेबल’ असे म्हटले तर मित्र हसतील. तेथे ‘दॅट्स नॉट फेअर’ एवढे पुरते.

पाचवी पायरी : ठरलेल्या संज्ञांना हात न लावणे

काही कायदेशीर संज्ञांमध्ये ‘अनफेअर’ हाच शब्द पक्का बसलेला आहे आणि तो बदलला की संज्ञाच नाहीशी होते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ‘अनफेअर ट्रेड प्रॅक्टिस’ आहे, मराठीत अनुचित व्यापारी प्रथा. उगवणशक्तीबद्दल खोटा दावा करून सोयाबीनचे बियाणे विकले असेल, तर तक्रारीत हीच संज्ञा लिहावी लागेल. १९७१ च्या महाराष्ट्राच्या कामगार संघविषयक अधिनियमात ‘अनफेअर लेबर प्रॅक्टिसेस’ आहेत. सार्वजनिक परीक्षांबाबतच्या २०२४ च्या केंद्रीय कायद्याच्या नावातच ‘अनफेअर मीन्स’ आहे, आणि कॉपीच्या प्रकरणात विद्यापीठाची नोटीस आलेल्या विद्यार्थ्याला तो शब्द वेगळा शिकवावा लागत नाही. या सर्व ठिकाणी ‘इनइक्विटेबल’ वापरून भाषा भारदस्त करण्याचा मोह टाळावा.

सहावी पायरी : मराठीत आणणे

इंग्रजी अहवालाचे मराठी भाषांतर करताना ‘इनइक्वॅलिटी’साठी ‘असमानता’ किंवा ‘विषमता’, ‘इनजस्टिस’साठी ‘अन्याय’ आणि ‘इनइक्विटी’साठी ‘अन्याय्य विषमता’ असे तीन वेगळे शब्द ठरवून घ्यावेत आणि अहवालभर तेच पाळावेत. ‘असमन्याय’ हा शब्द तांत्रिकदृष्ट्या अधिक नेमका असला तरी ग्रामसभेत वाचून दाखवण्याच्या मजकुरात तो बोजड होतो. ‘समन्यायी नसलेले वाटप’ असे मोकळे करून लिहिले तर चालते. शासकीय मजकूर असेल तर भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशात काय दिले आहे ते आधी पाहावे.

सातवी पायरी : एक परिच्छेद हातात घेऊन दुरुस्त करणे

अतिवृष्टीच्या मदतीसाठी महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला का, हे पाहिले जाते. मंडळाच्या पर्जन्यमापकावर त्यापेक्षा कमी नोंद झाली, पण त्याच मंडळाच्या दुसऱ्या टोकाच्या गावात ढगफुटीसारखा पाऊस होऊन जमीन खरवडून गेली, असे समजा. त्या गावातील पदवीधर तरुण एका इंग्रजी दैनिकाला पत्र लिहितो : ‘ग्रेट इनइक्विटी हॅपन्ड विथ अवर व्हिलेज. देअर वॉज इनइक्विटी ऑफ रेन. द ऑफिसर्स आर इनइक्विटेबल.’ तिन्ही वाक्यांत एकच शब्द आहे आणि तिन्ही ठिकाणी तो चुकला आहे. पहिल्या वाक्यात ‘अवर व्हिलेज हॅज बीन ट्रीटेड अनफेअरली’ असे हवे. दुसऱ्यात पावसाला दोष देण्याऐवजी ‘द रेनफॉल व्हेरीड शार्पली विदिन द सर्कल’ असे म्हणावे. तिसऱ्यात अधिकाऱ्यांना बाजूला ठेवून पद्धतीवर बोट ठेवावे : ‘रिलायन्स ऑन अ सिंगल रेन गेज हॅज रिझल्टेड इन ॲन इनइक्विटेबल असेसमेंट ऑफ लॉसेस’. असे लिहिले की कशातील फरक, कोणत्या निर्णयामुळे आणि कोणत्या मोजपट्टीने, हे सारे त्या एका वाक्यात येते आणि संपादकाला पुढे विचारण्यासारखे फारसे उरत नाही. पत्रासोबत पंचनाम्याची प्रत आणि त्या दिवसाच्या पर्जन्यनोंदीचा आकडा जोडावा, कारण एवढा मोठा शब्द पुराव्याशिवाय वापरला तर पत्र केराच्या टोपलीत जाण्याचीच शक्यता जास्त.

त्याच तरुणाला तहसील कार्यालयात अर्ज द्यायचा असेल, तर मात्र यांपैकी काहीही लागत नाही. तेथे अर्ज मराठीतच करावा, विषयात मंडळाचे आणि गावाचे नाव, गट क्रमांक आणि नुकसानीची तारीख लिहावी, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. इंग्रजीची तयारी विमा कंपनीच्या मुख्यालयाशी होणाऱ्या पत्रव्यवहारासाठी, संशोधन अहवालासाठी आणि उच्च न्यायालयाच्या कागदपत्रांसाठी राखून ठेवावी.